विहीणबाईंसाठी गांजा

माझी विहीण आणि मी एकाच घरात राहतो हे कळलं, की इथल्या मराठी मंडळातल्या बायका आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, "जमतं का हो तुमचं?"

जमत नाही. पण दोघींनाही गाडी चालवता येत नाही, मग जाणार कुठे?

घर माझ्या मुलाचं आणि त्यांच्या मुलीचं, म्हणजे माझ्या सुनेचं. सातासमुद्रापार, कॅरी नावाच्या गावात आहे. मुलगा आणि सून दोघंही औषधाच्या कंपनीत. सकाळी दोन गाड्या दोन दिशांना गेल्या, की घरात आम्ही दोघी विधवा आणि एक डिशवॉशर. तो डिशवॉशर कसा भरायचा यावरूनही आमचं एकमत नाही. विहीणबाई पुण्याच्या. शाळेत इंग्रजी शिकवायच्या. मी जामखेडकडची, चौथी पास. पाचवीला गावात शाळा नव्हती आणि घरात म्हशी होत्या, त्यामुळे विषयच संपला. त्या म्हणतात मी मोठ्यानं बोलते. मी म्हणते, त्या बोलतच नाहीत, समोरच्याचं दुरुस्त करतात.

मग त्यांना कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, सुईतून देतात ते औषध झालं, केस गेले, केस परत आले. आता रोजची गोळी आहे आणि ती कायमची आहे. गोळी रोगाला दाबून ठेवते, पण अन्नावरची वासनाच मारून टाकते. फोडणीचा वास आला तरी त्यांना उमळून यायचं. मी त्यांच्यासाठी पेज केली, मुगाचं कढण केलं, ताकातली ज्वारीची आंबील केली. त्या दोन चमचे घ्यायच्या आणि "छान झालंय हं" म्हणून वाटी सरकवायच्या. ह्या बाईनं माझ्या स्वयंपाकाला कधी छान म्हटलं नव्हतं. तेव्हाच मी ओळखलं, प्रकरण गंभीर आहे.

त्या हिवाळ्यात त्यांच्या मुलानं त्यांना एडिसनला नेलं. एडिसन न्यू जर्सीत. तिथे कायदा वेगळा आहे. तिथल्या डॉक्टरनं त्यांना जिभेखाली घ्यायचे थेंब लिहून दिले. आठवड्याभरात मला फोन आला.

"विहीणबाई, आज मी पिठलं-भात खाल्ला. वर दही मागून घेतलं."

"काय सांगता! औषध कोणतं दिलं?"

त्यांनी आधी घसा साफ केला. मग म्हणाल्या, "एक वनस्पतीचं आहे."

"कुठली वनस्पती?"

"तुम्हाला नाही कळायचं ते."

मी सुनेला विचारलं. ती आधी दाराकडे बघून आली आणि मग म्हणाली, "आई, ते मेडिकल कॅनाबिस असतं. म्हणजे... गांजाच. पण प्लीज, कुणाला सांगू नका. मम्मी मला मारून टाकेल."

मी इतकी हसले की पदरानं डोळे पुसावे लागले. आमच्या गावात गांजा म्हणजे मठाच्या मागच्या बाजूला बसणारी माणसं. पोरींनी तिकडून जायचं नाही असा दंडक होता. आणि इथे पुण्याच्या निवृत्त शिक्षिका जिभेखाली थेंब घेऊन पिठल्यावर दही मागत होत्या. हसून झाल्यावर मी म्हटलं, "घेऊ देत. जेवतायत ना?"

हे औषध सगळ्यांनाच लागू पडतं असं माझं म्हणणं नाही. मी डॉक्टर नाही. पण ह्यांना पडलं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं.

एडिसनला त्यांचं बाकी काहीच ठीक नव्हतं. मुलाचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मुलगा आणि त्याची बायको सकाळच्या गाडीनं न्यूयॉर्कला जायची, ती संध्याकाळी अंधार पडल्यावर यायची. जवळच ओक ट्री रोडवर सगळी आपली दुकानं, पण बर्फात उतरणार कोण? त्या दिवसभर खिडकीत बसायच्या. थंडी सरल्यावर परत आल्या. गालांवर मांस घेऊन आल्या, थेंब मात्र तिथेच ठेवून आल्या.

"आणले का नाहीत?" मी विचारलं.

माझा मुलगा म्हणाला, "आई, स्टेट लाइन क्रॉस केली की तो गुन्हा आहे. आणि इथे आपल्या राज्यात ते पेशंटलासुद्धा अलाउड नाही. आम्ही दोघं फार्मा कंपनीत आहोत, घरात सापडलं तर दोघांचे जॉब जातील."

म्हणजे घरात दोन माणसं औषध बनवणारी आणि घरातल्या पेशंटला औषध नाही. सुनेनं मग रस्त्यावरच्या एका दुकानातून गमी आणली, म्हणजे त्याच वनस्पतीची चघळायची मऊ गोळी. कायद्यातल्या कुठल्याशा फटीतून तशा गोळ्या इथे उघड मिळतात. त्यात कुणी काय घातलंय, किती घातलंय, देव जाणे. एका डबीतल्या गोळीनं काहीच झालं नाही. दुसऱ्या डबीतली घेतली, तर विहीणबाई दुपारभर पलंगाचा काठ धरून बसल्या आणि मला म्हणाल्या, "छत जरा धरा हो." ती डबी मी कचऱ्यात टाकली.

वजन पुन्हा उतरायला लागलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं, आणखी उतरलं तर गोळी बंद करावी लागेल. गोळी बंद केल्यावर काय, ते त्यानं सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. सून म्हणाली, "मम्मीला एडिसनलाच ठेवावं लागेल. कायमचं."

विहीणबाई चमच्यानं ताटातला भात इकडून तिकडे करत राहिल्या.

मला काय, मला खालची मोठी खोली मिळाली असती. पण भांडायला समोर माणूस लागतं. डिशवॉशरशी किती भांडणार?

सुनेनंच शोधून काढलं, की आमच्या भागात पेशंट लोकांचा एक गट आहे आणि तो शनिवारी लायब्ररीच्या एका खोलीत जमतो. ती एकटीच जाणार होती. मी चपला घालून गाडीत जाऊन बसले. मला बसलेली बघून विहीणबाईही आल्या. मी तिथे काय बोलेन याची त्यांना काळजी होती.

गट चालवणारी बाई माझ्याच वयाची, अंगानं भक्कम. आयुष्यभर तिनं शाळेची बस चालवली. पुढे फिट यायला लागल्या आणि गाडी सुटली. मी तिला बसवाली म्हणते. तिला एकदा अर्थ सांगितला, तर तिला आवडला. पहिल्याच भेटीत तिनं मला 'हनी' म्हटलं. मला जन्मात कुणी असलं काही म्हटलं नव्हतं, नवऱ्यानं तर नाहीच.

तिचं बोलणं सरळ होतं. विहीणबाई माझ्या कानात मराठी करत होत्या. "आम्ही दुकानं मागत नाही. डॉक्टरनं लिहून दिलं आणि पेशंटनं घेतलं, तर पोलिसानं धरू नये, मालकानं कामावरून काढू नये, घरमालकानं घराबाहेर काढू नये. एवढा कायदा करा. कित्येक वर्षं मागतोय. एका सभागृहात तो पास होतो आणि दुसऱ्यात जाऊन झोपतो."

मग तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही मतदार आहात का, हनी?"

आहे तर. नागरिकत्वाची परीक्षा मी मराठीतून दिली, दुभाष्या बसवून. मताला भाषा लागत नाही.

"मग तुमच्या आमदाराला जाऊन भेटा," ती म्हणाली. "माझं तोंड त्याला पाठ झालंय. तुमचं नवीन आहे."

विधानसभा रॅली नावाच्या शहरात आहे, ती आमच्या राज्याची राजधानी. आमच्या घरापासून गाडीनं फार लांब नाही. गटातले सगळे एका ठरावीक दिवशी जाणार होते आणि प्रत्येकानं आपापल्या आमदाराची वेळ घ्यायची होती. सुनेनं आमची घेतली. विहीणबाईंनी अट घातली.

"मी तुमची दुभाषी म्हणून येईन. माझा आजार काढायचा नाही."

"मग पेशंट कोण म्हणून सांगू?"

"सांगा, एक नातेवाईक आहे."

"तो नातेवाईक कुठेय असं विचारलं तर?"

"तर सांगा, घरी झोपलाय! अहो, मंडळात कळलं तर लोक काय म्हणतील? आयुष्यभर मुलांना शिस्त शिकवली मी."

मी मान हलवली. त्यांच्याशी वाद घालायला माझे हात मोकळे नव्हते, मी लाडवांचा गूळ चिरत होते.

कुणाकडे काम घेऊन जायचं, तर रिकाम्या हातानं जायचं नाही. माझी सासू तलाठ्याकडे उताऱ्याला जातानासुद्धा पदरात भुईमुगाच्या शेंगा न्यायची. ती लाच नव्हे, पद्धत. आणि आमदार वयस्कर आहे असं सुनेनं फोटोत बघून सांगितलं होतं, म्हणून मी मेथीचे केले. मेथी दुधात भिजवली, तुपात परतली, कणीक खमंग भाजली, गूळ, सुंठ, जायफळ घातलं. घरभर वास सुटला. विहीणबाई नाकाला पदर लावून वर निघून गेल्या.

मुलगा म्हणाला, "आई, लाडू नको नेऊस. दॅट्स सो वियर्ड, यार."

"यार कुणाला म्हणतोस? मग काय नेऊ?"

"काहीच नको! तिथे काही नेत नाहीत."

"म्हणूनच त्यांची कामं होत नाहीत," मी म्हटलं आणि स्टीलच्या डब्याचं झाकण घट्ट बसवलं.

त्या दिवशी बसवालीनं आम्हा सगळ्यांच्या छातीवर हिरवे बिल्ले लावले. बिल्ल्यावर पान होतं. कसलं पान ते सांगायला नको. विधानसभेच्या दारात सामान तपासतात. सून गाडी लावायला गेली होती. विहीणबाई माझ्या पुढे होत्या, त्यांची पर्स तपासून झाली आणि त्या आतल्या बाजूला बाथरूमला गेल्या. माझा डबा पट्ट्यावर गेला आणि तिथेच थांबला.

पोलीस तरुण होता, चेहऱ्यानं गरीब. त्यानं डबा उघडला. आत काळपट तपकिरी गोळे आणि वास असा, की मागची बाईसुद्धा वाकून बघायला लागली.

"हे काय आहे, मॅम?"

मला तेवढं इंग्रजी येतं. मी म्हटलं, "मेडिसिन."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, माझ्या बिल्ल्याकडे पाहिलं, मग डब्याकडे पाहिलं. "कसलं मेडिसिन?"

"व्हेरी स्ट्राँग," मी म्हटलं. "फॉर ओल्ड पीपल. वन, गुड. टू, नो नो."

यात खोटं काय होतं? मेथीचा लाडू औषधीच. गुडघ्याला चांगला, बाळंतिणीला चांगला, आणि दोन खाल्ले तर पोट फिरतं.

त्यानं झाकण लावलं आणि वरच्या साहेबाला बोलावलं. रांग थांबली. बसवाली माझ्या मागेच होती. तिचा चेहरा पांढरा पडला. "हनी," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "प्लीज सांग, त्यात ते नाहीये."

"काय नाहीये?"

तिनं नुसतं बिल्ल्यावर बोट ठेवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी घाईघाईनं एक लाडू उचलला, म्हटलं खाऊनच दाखवते. तोवर साहेब आला होता. त्यानं हात पुढे केला, "मॅम, तो खाऊ नका." लाडू खायला बंदी आहे हे मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "नो गांजा! मेथी! मेथी!" त्याचा उपयोग झाला नाही. मेथी म्हणजे काय ते त्याला ठाऊक नव्हतं, आणि गांजा मात्र ठाऊक होता.

विहीणबाई बाथरूममधून आल्या आणि जागीच उभ्या राहिल्या. एका हातात लाडू धरून मी, दोन पोलीस, मागे खोळंबलेली रांग. नापास मुलीच्या आईकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग इंग्रजीत सुरू झाल्या. मेथी म्हणजे कसलं बी, गूळ कशाचा, तूप कशाचं, सगळं धडा शिकवल्यासारखं सांगितलं.

साहेब ऐकत होता. तो उर्मट नव्हता, आपलं काम करत होता. म्हणाला, "मग ह्या मेडिसिन का म्हणाल्या? आणि तुम्ही सगळे आज कशासाठी आलात, ते मला माहीत आहे. पेशंट कोण आहे तुमच्यात?"

आता त्या नातेवाईक म्हणणार, घरी झोपलाय म्हणणार, आणि हा माणूस बसवालीसकट आम्हा तिघींना बाहेर काढणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

विहीणबाईंनी अंगावरची शाल काढून माझ्या हातात दिली. आतला स्वेटर त्यांच्या अंगावर नुसता लटकत होता.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. मोठ्यानं. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्यांच्याकडे आहे, पण तो मी घरात कधी ऐकला नव्हता. "ह्या लाडवांत ते असतं, तर मी अशी दिसले असते का? दुसऱ्या राज्यात डॉक्टर मला ते लिहून देतो आणि मी जेवते. इथे घेतलं तर गुन्हेगार होते. पेशंट मी आहे. मी आहे पेशंट."

आणि माझ्या हातातला लाडू काढून घेऊन त्यांनी त्याचा लचका तोडला. रागानं. नंतर त्याच मला म्हणाल्या, की काय खाल्लं हे त्यांना गिळल्यावर कळलं.

साहेबानं डबा परत माझ्या हातात दिला. "सॉरी, मॅम," म्हणाला. कुणाला म्हणाला ते नीट कळलं नाही, म्हणून मी "ओके" म्हणून टाकलं. तिथेच आतल्या बाजूला एक बाई हातात फाइल घेऊन उभी होती. ती आमदाराची सहायक निघाली. आमची वेळ टळत चालली म्हणून बघायला खाली आली होती आणि तिनं सगळं ऐकलं होतं.

आमदार उंच, मोठ्या कानांचा माणूस. मी आधी डबा पुढे केला. त्यानं लाडू घेतला आणि खाल्ला. मेथी कडू असते. त्याचे डोळे बारीक झाले, पण त्यानं सगळा संपवला, कागदात गुंडाळून बाजूला ठेवला नाही. माणूस कामाचा आहे असं मला वाटलं.

मी मराठीत बोलले, विहीणबाईंनी इंग्रजी केलं. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, त्यामुळे भराभर झालं. तो म्हणाला, "तुमचं दुःख मला समजतं. पण तरुण मुलांच्या हातात हे पडेल, ही भीती लोकांना आहे."

मी म्हटलं, "मुलं आत्ताच कोपऱ्यावरच्या दुकानातून घेतायत. ह्याच बाईला तेवढं मिळत नाही."

विहीणबाईंनी हे जरा मऊ करून सांगितलं. तो हसला, म्हणजे फार मऊ झालं नसावं. मग म्हणाला, त्याच्या एकट्याच्या हातात नाही, समितीचा अध्यक्ष आहे, अधिवेशन संपत आलंय, तो बोलून बघेल. आमच्याकडे ह्याला 'बघू' म्हणतात.

उठताना मी डबा त्याच्या टेबलावरच ठेवला. "हे राहू दे. पण डबा परत लागेल मला. आणि आमच्यात डबा रिकामा परत करत नाहीत."

विहीणबाई काहीतरी पुटपुटल्या.

"काय सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं, घाई नाही म्हणून."

"मी कधी म्हटलं घाई नाही? घाई आहे! सांगा त्यांना!"

आमदारानं सहायक बाईकडे पाहिलं, तिनं विहीणबाईंकडे, आणि विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. पण सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं असावं, कारण तो उठून उभा राहिला आणि डब्यावर हात ठेवून "येस, मॅम" म्हणाला.

परत येताना गाडीत त्या खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं, आता महिनाभर बोलणार नाहीत. मग म्हणाल्या, "गूळ बरा होता. सुंठ जास्त झाली."

अधिवेशन संपलं. कायदा समितीपुढे आलाच नाही. बसवालीनं फोन करून सांगितलं आणि वर म्हणाली, "हनी, मला सवय आहे, तुम्ही सवय करून घ्या." वजनकाट्याला मात्र अधिवेशनाशी देणंघेणं नव्हतं. उन्हाळा लागेपर्यंत विहीणबाईंची बांगडी कोपरापर्यंत चढायला लागली. सुनेनं एडिसनचं तिकीट काढायला घेतलं.

"दोन काढ," मी म्हटलं.

मुलगा बघतच राहिला. "आई, तू कशाला? तुमचं तर पटतसुद्धा नाही."

"पटायचा इथे काय संबंध? तिथे भाकरी कोण करणार? तुझा मेहुणा रविवारी आठवड्याचा पास्ता करून ठेवतो. आठ दिवस जाते, घडी बसवून येते."

ते आठ दिवस अजून संपलेले नाहीत.

विहीणबाई सकाळी थेंब घेतात. थोड्या वेळानं मी तवा ठेवते. भाकरी, वर लोणी, एखादी पालेभाजी. दुपारी एकमेकींना धरून आम्ही तीन मजले उतरतो, ओक ट्री रोडवर जातो, दुधी घेतो, भावावरून दुकानदाराशी मी भांडते आणि त्या माझ्या वतीनं माफी मागतात. वर चढताना प्रत्येक जिन्यावर थांबतो आणि वाटेत कोण जास्त दमलं यावर वाद घालतो. बांगडी परत मनगटाशी आली. गोळी चालू आहे. डॉक्टर खूश आहे.

आणखी एक झालं. मंडळातल्या एका बाईचा विहीणबाईंना फोन आला. दारावरची गोष्ट कॅरीभर पसरली होती. मी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे दोघी-तिघींनाच सांगितलं होतं. विहीणबाईंना वाटलं, आता बोलणी खावी लागणार. ती बाई हळू आवाजात म्हणाली, "मावशी, आमच्या ह्यांनाही पायांत रात्रंदिवस आग होते. त्या गटात येऊ का मी?" मग दुसरीचा आला. तिसरी तर म्हणाली, "काकू, पुढच्या वेळी मी ड्राइव्ह करते, सात सीटची आहे माझी." विहीणबाईंनी फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "सगळ्यांच्याच घरी झोपलेले नातेवाईक आहेत की हो."

गणपतीत कॅरीहून माझ्या मुलाचा व्हिडिओ फोन आला. मंडळाच्या हॉलमध्ये आरती झाली होती आणि स्टेजवर आमचा आमदार उभा होता. निवडणूक जवळ आली की ही माणसं गणपतीला येतातच, त्याचं मला नवल नाही. गळ्यात शाल, एका हातात नारळ आणि दुसऱ्या हातात माझा स्टीलचा डबा. मुलगा ओरडून सांगत होता, "आई, तो माइकवर म्हणाला, मला ताकीद आहे डबा रिकामा आणायचा नाही म्हणून! अख्खा हॉल हसला!"

"काय घातलंय आत?"

"पिकॅन. त्याच्या अंगणातल्या झाडाचे. स्वतः भाजलेत म्हणे. आणि आई, तो म्हणाला, नव्या अधिवेशनात सुनावणी लावा असं अध्यक्षांना त्यानं सांगितलंय."

"सांगितलंय म्हणजे लावली का?"

"नाही. अजून नाही."

"मग तेवढंच म्हण."

दिवाळीला मुलगा आणि सून एडिसनला आली, डबा घेऊन. पिकॅन म्हणजे अक्रोडाचा लांबुडका भाऊ. मी ते भरड कुटले आणि गुळाच्या पाकात लाडू वळले. विहीणबाईंनी एक खाल्ला. चावत चावत म्हणाल्या, "पाक पुढे गेला तुमचा. दगड झालेत." आणि दुसऱ्याला हात घातला.

आता डबा भरलेला आला, म्हणजे परत धाडायची पाळी आमची. रिकामा ठेवून चालत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. नवं अधिवेशन सुरू झालं की आम्ही दोघी कॅरीला जाणार आहोत. माझं मत अजून तिथेच आहे, आणि पेशंट म्हणून बोलायला विहीणबाई येणार आहेत. सात सीटची गाडी ठरली आहे. ह्या वेळी बेसनाचे लाडू न्यायचे, औषधी काही न्यायचं नाही, आणि दारावर मी तोंड उघडायचं नाही, असं विहीणबाईंनी बजावलं आहे. मी म्हटलं, बोला तुम्ही, डबा मी धरते.

मुलानं परवा विचारलं, खालची खोली रिकामीच आहे तर तिथे ट्रेडमिल ठेवू का. मी नको म्हटलं. ती खोली त्यांची आहे. कायदा झाला की त्या येणार आहेत, आणि मग डिशवॉशरचं काय ते आम्ही बघू.